बारा गावचं पाणी प्यायलेला स्ट्रायकर: स्टीव्ह क्लॅरिज

मैदानवेडा

आधी क्लॅरिज ज्या इंग्लिश क्लबांतून खेळला त्यांची ही यादी एका दमात वाचा. फेअरहॅम टाउन, बोर्नमथ, वेमथ, क्रिस्टल पॅलेस, ऑल्डरशॉट, केंब्रिज युनायटेड, ल्युटन, पुन्हा केंब्रिज, बर्मिंगहॅम सिटी, लेस्टर सिटी, पोर्ट्समथ, वुल्व्हज, पुन्हा पोर्ट्समथ, मिलवॉल, पुन्हा वेमथ, ब्रायटन, ब्रेंटफर्ड, विकम, जिलिंगहॅम, ब्रॅडफर्ड, वॉल्सॉल आणि शेवटी एका सामन्यापुरतं परत बोर्नमथ. तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता, आणि त्यानंतरही छोट्या क्लबांतून खेळत राहिला.

आपल्याकडे इंग्लिश फुटबॉलवर बोलणं होतं ते बहुतेक वरच्या सहा-सात क्लबांवर. त्यात चूक काही नाही, मीही तेच सामने बघतो. पण त्या देशात व्यावसायिक लीगचेच ९२ क्लब आहेत, त्याखाली अर्धव्यावसायिक क्लबांचे थरावर थर, आणि या सगळ्यांना जोडणारी बढती-घसरणीची शिडी. एकाच माणसानं ती शिडी वरून खाली आणि खालून वर कशी पालथी घातली हे बघायचं असेल, तर क्लॅरिजइतकं चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

जन्म १९६६, पोर्ट्समथ. बोर्नमथनं १९८४ मध्ये घेतलं, जेमतेम काही सामने खेळवलं आणि सोडून दिलं. मग वेमथ. हा लीगबाहेरचा क्लब. तिथे तीन वर्षं काढल्यावर १९८८ मध्ये क्रिस्टल पॅलेसनं उचललं. पॅलेसच्या पहिल्या संघातून त्याला एकही सामना मिळाला नाही, थेट ऑल्डरशॉटला विकलं. हा पॅलेसचा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे येणार आहे. ऑल्डरशॉटची तिजोरी तेव्हाच रिकामी होत आली होती. १९९२ मध्ये हंगाम चालू असतानाच तो क्लब लीगमधून बाद झाला. त्याच्या दोन वर्षं आधी, फेब्रुवारी १९९० मध्ये, केंब्रिजनं क्लॅरिजला ७५,००० पौंडांना घेतलं.

केंब्रिजचा मॅनेजर होता जॉन बेक. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला या माणसानं इंग्लंडात खळबळ उडवून दिली होती. सामन्याआधी खेळाडूंच्या अंगावर थंड पाण्याच्या बादल्या. मैदानाच्या चारही कोपऱ्यांतलं गवत मुद्दाम वाढवलेलं, म्हणजे लांब मारलेला चेंडू रेषेबाहेर न जाता तिथेच अडेल आणि स्ट्रायकर धावत जाऊन गाठेल. मधल्या फळीत पास खेळणं जवळजवळ बंदच. यावर लोकांनी नाकं मुरडली, पण निकाल बघा: १९९० मध्ये चौथ्या डिव्हिजनमधून बढती, १९९१ मध्ये तिसऱ्या डिव्हिजनचं विजेतेपद आणि १९९२ मध्ये थेट वरच्या डिव्हिजनच्या उंबऱ्यावर. प्ले-ऑफच्या, म्हणजे बढतीच्या शेवटच्या जागेसाठीच्या बाद सामन्यांच्या, उपांत्य फेरीत लेस्टरनं दुसऱ्या सामन्यात ५-० नं उडवलं, नाहीतर केंब्रिज पहिल्याच प्रीमियर लीगमध्ये दिसू शकलं असतं. स्ट्रायकर डायन डब्लिन पुढे मँचेस्टर युनायटेडला गेला तो याच संघातून.

क्लॅरिजचं आणि बेकचं पटणं शक्यच नव्हतं. क्लॅरिज आतल्या बाजूला वळून चेंडू पायात खेळवणारा, बेकला चेंडू कोपऱ्यात हवा. खटके उडत राहिले आणि १९९२ च्या उन्हाळ्यात त्याला १,६०,००० पौंडांना ल्युटनला विकून टाकलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेकची हकालपट्टी झाली. नोव्हेंबरमध्ये केंब्रिजनं क्लॅरिजला परत विकत घेतलं, १,९५,००० ला!

मला जे म्हणायचंय त्याची सुरुवात इथे होते. अशा खेळाडूंची कारकीर्द क्लबांच्या यादीवरून वाचली की वाटतं, हा कुठेच टिकला नाही. मॅनेजरांच्या नावांवरून वाचा, सगळं सुसंगत दिसायला लागतं. कुणाला त्याचा खेळ कळला, कुणाला नाही, आणि ज्याला कळला तो दुसरीकडे गेल्यावर त्यानं फोन केला का, एवढंच बघायचं.

जानेवारी १९९४ मध्ये बर्मिंगहॅमच्या बॅरी फ्रायनं ३,५०,००० मोजले. त्या वर्षी संघ खाली घसरला, पण पुढच्या हंगामात क्लॅरिजनं लीगमध्येच २० गोल केले. संघ डिव्हिजन जिंकून वर आला आणि वेम्ब्लीवर खालच्या डिव्हिजनांचा चषकही जिंकला. मार्च १९९६ मध्ये मार्टिन ओनील यांनी त्याला बारा लाख पौंडांना लेस्टरला नेलं. वेमथच्या मैदानावरून निघालेला माणूस तिशीला टेकताना दशलक्षाच्या पुढे पोचला होता.

आणि मग २७ मे १९९६. प्ले-ऑफचा अंतिम सामना, वेम्ब्ली, समोर क्रिस्टल पॅलेस. होय, तेच पॅलेस. अँडी रॉबर्ट्सनं पॅलेसला आघाडी दिली, गॅरी पार्करच्या पेनल्टीनं बरोबरी झाली, जादा वेळही संपत आला. ओनील यांनी पेनल्टी शूटआउटसाठी म्हणून झेल्को कालाच हा साडेसहा फुटांहून उंच गोलकीपर मैदानात उतरवला होता. शेवटची फ्री किक. चेंडू सुटून क्लॅरिजकडे आला, त्यानं लांबूनच पाय घातला आणि चेंडू पायाला लागण्याऐवजी नडगीला लागून उडाला. पॅलेसचा नायजेल मार्टिन जागचा हलला नाही. चेंडू वरच्या कोपऱ्यात. १२० वं मिनिट, २-१, लेस्टर प्रीमियर लीगमध्ये.

पुढचं प्रतिसादांत लिहितो.

सागरिका

वाचतेय. पहिल्यांदाच ऐकलं हे नाव. एक शंका: बर्मिंगहॅमनं १९९५ मध्ये "सेकंड डिव्हिजन" जिंकली असं एके ठिकाणी दिसलं. मग ती दुसऱ्या क्रमांकाची लीग ना? तुम्ही डिव्हिजनचं नाव लिहिलं नाहीत म्हणून विचारते.

मैदानवेडा

१९९२ मध्ये प्रीमियर लीग वेगळी झाली आणि खालच्या सगळ्यांची नावं एकेक पायरीनं वर सरकली. त्यामुळे १९९५ ची सेकंड डिव्हिजन म्हणजे वरून तिसरी पातळी. जुन्या खेळाडूंचे आकडे वाचताना हा घोळ सतत होतो, म्हणूनच नाव टाळलं होतं.

लेस्टरवासी

लेस्टरला बरीच वर्षं राहिलो, म्हणून लिहितोय. लेस्टरनं २०१६ मध्ये जिंकलेली प्रीमियर लीग सगळ्या जगाला माहीत आहे. पण तिथल्या चाळिशी-पन्नाशीच्या चाहत्यांशी बोलायला बसलं, की ओनील यांच्या काळापाशी ते जास्त रमतात. त्यात हा नडगीचा गोल आलाच. क्लॅरिजचं रूपही लक्षात राहणारं होतं: मोजे घोट्यापर्यंत घसरलेले, शर्ट बाहेर लोंबतोय, आणि हा धावतोच आहे.

१९९७ चंही लिहा. चषक तर त्यानंच आणला.

मैदानवेडा

लिहितो. वरच्या डिव्हिजनमधला पहिला पूर्ण हंगाम त्याला तिसाव्या वर्षी मिळाला, आणि त्या १९९६-९७ च्या हंगामात त्यानं लीगमध्ये १२ गोल केले. खालून वर आलेला लेस्टर नवव्या क्रमांकावर राहिला.

लीग कपच्या अंतिम फेरीत समोर मिडल्सब्रो. जुनिन्यो, रावानेली, एमर्सन अशी महागडी मंडळी. वेम्ब्लीवर रावानेलीनं जादा वेळात गोल केला आणि अगदी शेवटी अठरा-एकोणीस वर्षांच्या एमिल हेस्कीनं बरोबरी साधली. लीग कपच्या अंतिम सामन्यात तेव्हा शूटआउट नव्हतं, सामना पुन्हा खेळायचा. १६ एप्रिल १९९७, शेफिल्डचं हिल्सबरो मैदान. पाँटस कॉमार्क या स्वीडिश बचावपटूला ओनील यांनी एकच काम दिलं होतं: जुनिन्योला मोकळं सोडायचं नाही. ते त्यानं दोन्ही सामन्यांत चोख केलं. पुन्हा जादा वेळ. पार्करची फ्री किक, कर्णधार स्टीव्ह वॉल्शनं डोक्यानं परत आत ढकललेला चेंडू आणि क्लॅरिजची व्हॉली. १-०. १९६४ नंतरचा लेस्टरचा पहिला मोठा चषक, आणि त्यामुळे युएफा कपमध्ये प्रवेश. लीग कपचा अंतिम सामना पुन्हा खेळवून निकाल लावण्याची ती शेवटची वेळ. पुढच्या वर्षीपासून निकाल त्याच दिवशी लागायला लागला.

त्या संघात मोठं नाव म्हणावं असं फारसं कुणी नव्हतं. पार्कर, वॉल्श, लेनन, इझेट, सगळे कुठून ना कुठून गोळा केलेले. ओनील यांना कुणाकडून काय करून घ्यायचं हे कळत होतं.

पेठकर

एक नंबर धागा! आमच्या कोल्हापुरात फुटबॉल हंगामाच्या आधी नोंदणी सुरू झाली की गल्लीगल्लीत पेठांच्या संघांचा हाच विषय, पाटाकडीलचा कोण खंडोबाकडे गेला, दिलबहारनं कुणाला ओढलं. खेळाडू पेठ बदलतो तेव्हा जुन्या पेठेतल्या माणसांना ते जिव्हारी लागतं. पण शाहू स्टेडियमवर त्यानंच पुढच्या वर्षी आमच्याविरुद्ध गोल मारला, तर शिव्या घालतानाही मनात कुठेतरी "पोरगं आपलंच" असतं.

मला हे विचारायचंय: हे लोक इतके क्लब बदलायचे तरी कधी? आता तर उन्हाळ्यात आणि जानेवारीतच व्यवहार होतात. यादीत तुम्ही नोव्हेंबर, फेब्रुवारी, मार्च असे महिने दिलेत.

टेम्सकाठी

याचं उत्तर मी देतो, या विषयात मला रस आहे. ट्रान्सफर विंडो, म्हणजे व्यवहारांची ठरलेली मुदत, इंग्लंडात आली २००२-०३ च्या हंगामापासून. त्याआधी हंगामभर केव्हाही खेळाडू घेता यायचा. मुदत संपायची ती मार्चच्या अखेरीस, म्हणजे शेवटच्या टप्प्यात कुणी पैसे ओतून लीग फिरवू नये एवढ्यासाठी. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये बढतीच्या शर्यतीतले मॅनेजर एखादा अनुभवी स्ट्रायकर शोधत फिरायचे. तयार, नवखा नको, उद्या उतरवला तरी चालेल असा. क्लॅरिजचे मार्च बघा: १९९६ लेस्टर, १९९८ वुल्व्हज, २००१ मिलवॉल. यांतला एकही योगायोग नाही. लेस्टर त्या मेमध्ये वर गेलं, मिलवॉलनंही २००१ मध्ये डिव्हिजन जिंकली.

बोस्मन निकालाचंही सांगायला हवं. युरोपियन न्यायालयाच्या डिसेंबर १९९५ च्या त्या निकालाआधी करार संपला तरी नवा क्लब जुन्या क्लबला पैसे देणं लागायचा, आकड्यावर जमलं नाही तर लवाद ठरवायचा. निकालानंतर करार संपलेला खेळाडू मोकळा. वरच्या खेळाडूंचे पगार यानं गगनाला भिडले. खालच्या पातळीवर उलटंही झालं: छोटे क्लब लांब मुदतीचे करार द्यायला कचरू लागले. एक वर्ष, सहा महिने, कधी महिनाभर. क्लॅरिजची २००४ नंतरची यादी इतकी दाट आहे त्याला वय जबाबदार आहेच, पण ही करारांची पद्धतही तितकीच.

मैदानवेडा

टेम्सकाठी, मनापासून आभार. मार्चचं सूत्र माझ्या डोळ्यासमोर असून मी जोडलं नव्हतं.

आता मॅनेजरांच्या यादीतलं माझं आवडतं नाव, मार्क मगी. मार्च १९९८ मध्ये क्लॅरिजला वुल्व्हजला नेलं ते मगीनं. ते जमलं नाही, लीगमध्ये पाच सामने आणि एकही गोल नाही. दुसरा कुणी असता तर पुन्हा या नावाकडे वळला नसता. मगी मिलवॉलला गेला आणि २००१ मध्ये यालाच बोलावलं. ब्रायटनला गेला, २००४ मध्ये स्ट्रायकर कमी पडले, पुन्हा यालाच. तेव्हा क्लॅरिज अडतीस वर्षांचा होता! तीन वेगवेगळ्या क्लबांत एकाच मॅनेजरनं तिसऱ्यांदा बोलवावं आणि तेही पहिला प्रयोग फसलेला असताना, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मला तरी माहीत नाही.

मधली पोर्ट्समथची वर्षं थोडक्यात सांगतो. हा त्याच्या गावचा क्लब. १९९८ मध्ये गेला तेव्हा क्लब दिवाळखोरीच्या कड्यावर होता. तिथे शंभरहून जास्त लीग सामने आणि ३४ गोल. ऑक्टोबर २००० मध्ये खेळाडू आणि मॅनेजर अशी दोन्ही कामं गळ्यात पडली, फेब्रुवारीत काढून ग्रॅहम रिक्सला आणलं. गावच्या क्लबात असं व्हावं याचं वाईट वाटतं.

सागरिका

मॅनेजर म्हणून पुढे काही झालं का त्याचं?

मैदानवेडा

झालं, आणि त्यातला एक प्रसंग वाचून आजही चीड येते. २००५ च्या जूनमध्ये मिलवॉलनं त्याला मॅनेजर केलं. मग क्लबची सूत्रं हलली, अध्यक्ष बदलले आणि ३६ दिवसांत त्याला काढून कॉलिन लीला आणलं. हंगामातला पहिला सामनासुद्धा झाला नव्हता. ज्या चाहत्यांसमोर दोन वर्षं घाम गाळला, तिथे एक सामना हरण्याचीही संधी मिळाली नाही.

त्यानं काय केलं? बूट घातले आणि पुन्हा खेळायला लागला. जिलिंगहॅम, मग ब्रॅडफर्ड. एकोणचाळिसाव्या वर्षी ब्रॅडफर्डकडून लीगचे २६ सामने.

त्याआधी २००३-०४ मध्ये वेमथला खेळाडू-मॅनेजर होता, तिथे मात्र चांगलं काम केलं, सदर्न लीगमध्ये संघ दुसरा आला.

नाना_ठाणेकर

धागा आवडला, तरी एक बाजू राहिली आहे. जुगार. या माणसानं घोड्यांवर आणि इतर पैजांवर प्रचंड पैसा घालवला, हे त्यानं स्वतः जाहीरपणे मांडलंय. म्हणजे इतके क्लब बदलण्यामागे पैशाची निकडही असणार.

मैदानवेडा

नाना, जुगाराचं खरं आहे आणि ते लपवण्यासारखं नाही. तो काळही तसा होता. दुपारी एकला सराव संपायचा, उरलेला दिवस मोकळा, खिशात पैसे, गाव परकं आणि कोपऱ्यावर पैजेचं दुकान. अनेक खेळाडू यात रुतले. सारखा क्लब बदलणाऱ्याला हे जास्त सोपं पडत असावं, कारण दरवेळी हॉटेलची खोली किंवा भाड्याचं घर आणि ओळखीचं कुणी नाही. क्लॅरिज उघडपणे बोलला, ही गोष्ट मला मोठी वाटते.

पण पैशासाठी क्लब बदलले, हे मला पटत नाही. मोठ्या बदल्या बघा: पॅलेसनं विकलं, बेकनं विकलं, ऑल्डरशॉट आणि केंब्रिजला तर पैशाची गरजच होती. खेळाडूनं अडून क्लब सोडला असं त्यात दिसत नाही. आणि एकोणचाळिसाव्या वर्षी ब्रॅडफर्डकडून हिवाळ्यातले सामने खेळून कुणी कर्ज फेडत नाही. तो बीबीसीवर समालोचन करत होता, खेळला नसता तरी त्याचं चाललं असतं.

शून्य_एक

माझा आक्षेप हजाराव्या सामन्यावर आहे. कुणी अजून तो विषय काढला नाही म्हणून मी काढतो. डिसेंबर २००६, बोर्नमथनं त्याला फक्त एका सामन्यासाठी घेतलं, कारण आकडा ९९९ वर अडकला होता. ९ डिसेंबर, घरच्या मैदानावर पोर्ट व्हेलकडून ०-४ पराभव. तीन गुणांसाठीच्या सामन्यात, चाळीस वर्षांच्या माणसाचा आकडा पूर्ण व्हावा म्हणून जागा देणं योग्य आहे का? आणि हजार म्हणजे तरी कुठले? पीटर शिल्टनचे १,००५ सामने आहेत ते सगळे लीगचे. क्लॅरिजच्या हजारात वेमथचे सामने धरावे लागतात.

मैदानवेडा

आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे. गुणांची लढाई चालू असताना सामना भेट म्हणून देऊ नये. बोर्नमथच्या चाहत्यांना त्या दिवशी राग आला असेल तर तो रास्तच.

दुसऱ्या भागाशी मी अजिबात सहमत नाही. शिल्टनचा विक्रम थोरच. तोही लेस्टरचाच, आणि शेवटी त्यालाही प्लिमथ, बोल्टन, कॉव्हेंट्री, वेस्ट हॅम करत करत लेटन ओरिएंटपर्यंत जावं लागलं. डिसेंबर १९९६ मध्ये तिथे त्याचा हजारावा लीग सामना झाला, तेव्हा तो ४७ वर्षांचा होता. म्हणजे एवढ्या मोठ्या गोलकीपरच्या कारकिर्दीचं शेपूटही फिरतीचंच आहे.

पण वेमथचे सामने वगळा म्हणणं म्हणजे या माणसाची कारकीर्दच वगळणं. एकोणीस वर्षांच्या पोराला बोर्नमथनं नको म्हटल्यावर त्याला उभं केलं ते वेमथनं. तिथे चेंडू अडवणारे सेंटर हाफ दिवसा दुसरं काम करून संध्याकाळी यायचे आणि पोटरीवर बूट ठेवायला कमी करायचे नाहीत. तिथे तीन वर्षं तगला म्हणून पुढचं घडलं. माझ्या लेखी तेच सामने सगळ्यात आधी मोजायला हवेत.

पेठकर

शंभर टक्के सहमत. पेठेतला सामनाही सामनाच असतो.

शून्य_एक

तुमचा मुद्दा समजला. आकडा म्हणून मी अजूनही दोन्ही एका पंक्तीत बसवणार नाही, पण त्या तीन वर्षांची किंमत मान्य. असे आणखी कोण? रिकी लँबर्ट यात बसतो का?

टेम्सकाठी

लँबर्टची वाट उलट आहे. ब्लॅकपूलनं सोडल्यावर बिटाच्या कारखान्यात काम केलं, मग मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स असं चढत साउदॅम्प्टन, आणि २०१३ मध्ये स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडकडून पदार्पणात पहिल्याच स्पर्शाला गोल. तो चढत गेला. क्लॅरिजसारखा वर-खाली फिरला नाही.

जॉन बरिज जास्त जवळचा. गोलकीपर, वर्किंग्टनचा, क्लॅरिजपेक्षाही लांब यादी. १९९५ च्या मेमध्ये मँचेस्टर सिटीकडून खेळला तेव्हा वय ४३ वर्षं १६२ दिवस, प्रीमियर लीगमधला सगळ्यात वयस्क खेळाडू. पुढे ओमानमध्ये गोलकीपर घडवले, अली अल हबसी हा त्याचाच शोध. आणि ट्रेव्हर बेंजामिन: २००० मध्ये केंब्रिजवरून लेस्टरला मोठ्या रकमेला गेला, अगदी क्लॅरिजच्याच गावांतून, आणि मग कुठे टिकलाच नाही, लोनवर लोन, म्हणजे उसना खेळाडू म्हणून इकडून तिकडे.

लेस्टरवासी

बेंजामिनचं नाव काढलंत! त्याला ओनील मिळाले नाहीत. तो आला त्याच उन्हाळ्यात ओनील सेल्टिकला गेले होते. धागाकर्त्यांचा मॅनेजरांचा मुद्दा इथे तंतोतंत लागू पडतो.

मैदानवेडा

अगदी. बरिजवर कुणीतरी वेगळा धागा काढायलाच हवा. टेम्सकाठी, तुम्हीच मनावर घ्या.

सागरिका यांनी विचारलेल्या प्रश्नाचा उरलेला भाग इथे पूर्ण करतो. बोर्नमथच्या त्या सामन्यानंतर वर्दिंग, हॅरो बरो, पुन्हा वेमथ असं चालूच राहिलं. २०११-१२ मध्ये पंचेचाळिशी ओलांडल्यावर गॉस्पोर्ट बरोकडून उतरला. साल्सबरी सिटी हा क्लब २०१४ मध्ये आर्थिक संकटात बुडाला, तेव्हा गावातल्या लोकांनी साल्सबरी नावानं नवा क्लब उभा केला आणि मॅनेजर म्हणून क्लॅरिजला घेतलं. पहिल्याच हंगामात, २०१५-१६ मध्ये, वेसेक्स लीगचं विजेतेपद. २०१८ मध्ये आणखी एक बढती. २०२२ पर्यंत तो तिथेच होता. खेळाडू म्हणून एकाही क्लबात तो इतकी वर्षं सलग राहिला नव्हता.